व्हिएतनामला निघताय? कोल्हापुरातच पक्क्या करायच्या गोष्टी

गणपती उठले की दिवाळीच्या सुट्टीत कुठं जायचं याची चर्चा घरोघरी सुरू होते. गेल्या काही वर्षांत त्या चर्चेत थायलंड-दुबईच्या जोडीनं व्हिएतनाम हमखास येतं. मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं आहेत, व्हिसा घरबसल्या मिळतो आणि खर्च आवाक्यातला आहे. देश खरोखर सुंदर आहे, जरूर जा. मात्र या सहलीत जे बिघडतं, त्यातलं बरंचसं तिकडं पोचल्यावर बिघडत नाही. अर्ज भरताना आणि तारखा ठरवतानाच ते बिघडून बसलेलं असतं.

सुरुवात तारखांपासूनच करू, कारण दिवाळीची सुट्टी आणि मध्य व्हिएतनाम यांचं जमत नाही. दा नांग, होई आन आणि हुए या पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर हा ऐन पावसाचा काळ असतो. आपल्याकडं परतीचा पाऊस थांबत असतो, तेव्हा तिथं ईशान्य मोसमी वारे आणि समुद्रावरून येणारी वादळं एकत्र येतात. होई आनची जुनी वस्ती नदीकाठी आहे, त्या दिवसांत तिथल्या गल्ल्यांत पाणी शिरतं. म्हणून दिवाळीत जायचं असेल तर उत्तरेला हनोई, निन्ह बिन्ह, हा लाँग आणि दक्षिणेला हो ची मिन्ह सिटी, मेकाँगचा त्रिभुज प्रदेश असा बेत करा आणि मधला भाग सोडून द्या. दा नांगचे समुद्रकिनारे आणि बा ना हिल्सचा सोनेरी पूल पाहायचाच असेल, तर फेब्रुवारी ते ऑगस्ट हा त्या भागाचा चांगला काळ. मे महिन्याची सुट्टी तिथं उकाड्याची असते, पण कोरडी असते. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत चांगलीच थंडी पडते, सापा या तिथल्या डोंगरातल्या गावी तर स्वेटरवर भागत नाही. एकाच सहलीत दक्षिणेत टी-शर्ट आणि उत्तरेत जाकीट लागतं. हा देश उत्तर-दक्षिण इतका लांब पसरलेला आहे, की 'व्हिएतनामचं हवामान' असं एकच काही सांगता येत नाही. हा लाँगच्या बोटीच्या फेऱ्या जुलै ते सप्टेंबरमध्ये वादळाच्या इशाऱ्यामुळं ऐनवेळी रद्द होतात, म्हणून बोटीवरची रात्र सहलीच्या अगदी शेवटी ठेवू नये.

तारखा ठरल्या की पासपोर्ट काढून समोर ठेवा. परतीच्या तारखेनंतर त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी आणि दोन पानं कोरी असावीत. कमी मुदतीच्या पासपोर्टवर विमान कंपनीचा काउंटरच अडवतो, पुढचं काही घडतच नाही. आतलं माहितीचं पान सुटलेलं, भिजून फुगलेलं किंवा कोपरा फाटलेला असेल तरी तीच गत. आपल्याकडच्या पावसाळ्यात लोखंडी कपाटात ठेवलेल्या पासपोर्टला ओल लागते, हे लक्षात असू द्या. मुदत संपायला एक वर्षापेक्षा कमी काळ उरला असेल तर नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. कोल्हापूरचं काम पुणे पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतं आणि कागदपत्रं कोल्हापुरातल्या टपाल कार्यालय पासपोर्ट सेवा केंद्रात दाखवता येतात. ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये शुल्क आहे, तत्काळसाठी त्यावर आणखी २,०००. पत्ता बदललेला असेल तर पोलीस पडताळणी गृहीत धरूनच दिवस मोजा. आणि एक गोष्ट कधीही करू नका: जुन्या पासपोर्टवर व्हिसा काढायचा आणि मग पासपोर्ट नवा करायचा. ई-व्हिसा पासपोर्टच्या क्रमांकाला बांधलेला असतो. क्रमांक बदलला की तो व्हिसा कागदाचा कपटा.

आता नावाचं. ही सगळ्यात नाजूक जागा, आणि मराठी नावांना ती जास्त नडते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि 'दिलेल्या नावा'च्या रकान्यात स्वतःचं नाव व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. समजा आडनाव पाटील आणि दुसऱ्या रकान्यात सुनीता रमेश. व्हिएतनामच्या अर्जातही तसेच दोन रकाने आहेत: एक आडनावाचा, दुसरा मधलं नाव व स्वतःचं नाव यांचा. तिथं फक्त 'सुनीता' लिहून 'रमेश' गाळला की व्हिसा आणि पासपोर्ट यांत फरक पडतो. तिकीट काढताना आणखी कुणीतरी 'सुनीता पाटील' एवढंच टाकलं की तीन कागदांवर तीन नावं होतात. यावर उपाय एकच: पासपोर्टच्या माहितीच्या पानावर तळाशी, बाणासारख्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात, त्यातली वरची ओळ पाहा. यंत्र ती ओळ वाचतं. तिच्यात आधी आडनाव, मग दोन खुणा, मग बाकीची नावं असतात. अर्जात आणि तिकिटावर अक्षरन् अक्षर तेच आणि त्याच क्रमानं यायला हवं. छापून आलेल्या व्हिसावर आडनाव आधी दिसलं तर घाबरू नका, व्हिएतनामी माणसं स्वतःचं नावही आडनाव आधी लावूनच लिहितात.

लग्नानंतर पासपोर्ट बदलला नसेल तर सगळे कागद माहेरच्या नावानंच करायचे. आधार कार्डावर किंवा बँकेत सासरचं नाव असलं तरी फरक पडत नाही, प्रवासात पासपोर्टचंच नाव चालतं. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच आहे, त्यांनी वेळ असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा. असल्या पासपोर्टचा त्रास फक्त याच देशापुरता नाही.

व्हिसाचे नियम तसे सोपे आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनाम ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा देतं, एकदाच प्रवेशाचा किंवा अनेक वेळा प्रवेशाचा. शुल्क एकेरी प्रवेशाला २५ डॉलर आणि अनेक प्रवेशांना ५० डॉलर. अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करायचा: 'ईव्हिसा डॉट जीओव्ही डॉट व्हीएन'. नेटवर शोधलं की वर जाहिरातीत येणाऱ्या बऱ्याच साइट दिसायला सरकारी, पण असतात खासगी दलालांच्या. त्या दुप्पट-तिप्पट पैसे घेतात आणि अर्ज पुढं त्याच सरकारी साइटवर भरतात. पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट व्हीएन' नसेल तर ती साइट बंद करा. 'व्हिसा ऑन अरायव्हल' असं जे विकलं जातं, त्यालाही आधी मंजुरीपत्र लागतंच. नुसतं विमानतळावर उतरून व्हिसा मागता येत नाही. फु कोक बेटावर परदेशातून थेट उतरून तिथंच राहणाऱ्यांना ३० दिवस व्हिसा लागत नाही. मात्र बेट सोडून मुख्य भूमीवर जायचं असेल तर व्हिसा हवा.

अर्जाला दोन चित्रं लागतात. एक पासपोर्टच्या माहितीच्या पानाचं, चारही कडा आणि तळाच्या त्या दोन ओळी स्वच्छ दिसतील असं. मोबाइलनं काढलं तर लॅमिनेशनवर दिव्याची चकाकी येते आणि नेमके आकडे पुसले जातात. खिडकीजवळ, दिवसाउजेडी, फ्लॅश बंद करून काढा किंवा सरळ स्कॅन करा. दुसरं म्हणजे स्वतःचा फोटो. स्टुडिओत 'पासपोर्ट साइज' म्हटलं की ३५ बाय ४५ मिलिमीटरचा मिळतो. व्हिएतनामला ४ बाय ६ सेंटिमीटरचा लागतो, तेव्हा माप सांगून घ्या: पांढरी पार्श्वभूमी, चेहरा समोर, चष्मा काढलेला. प्रिंट लागत नाही, फाइल मागून घ्यायची.

तारखांच्या रकान्यात एक सोय आहे, ती वापरा. शुल्क दिवसांवर ठरत नाही, म्हणून व्हिसाची सुरुवात पोचण्याच्या तारखेच्या एक-दोन दिवस आधीची आणि शेवट परतीच्या नंतर आठवडाभरानं टाका. विमान चुकलं, आजारपण आलं, वादळानं उड्डाण रद्द झालं, तरी व्हिसा पुरतो. नेमक्या तारखा टाकणाऱ्यांना मुदत उलटल्याचा दंड आणि बाहेर पडण्याच्या परवानगीची धावपळ करावी लागते. आणि सुरुवातीच्या तारखेच्या आधी एक तासही प्रवेश मिळत नाही. जन्मतारीख आणि इतर तारखा आधी दिवस, मग महिना अशाच क्रमानं भरायच्या. पासपोर्ट क्रमांकात आपल्याकडं एक अक्षर आणि सात आकडे असतात, तेव्हा शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' पडलेला नाही ना ते पाहा. प्रवेशाचं ठिकाणही निवडावं लागतं. हनोईला उतरणार असाल तर नोई बाय, हो ची मिन्ह सिटीला उतरणार असाल तर तान सोन न्हात. तिकीट आणि व्हिसा यांत एकच विमानतळ असणं केव्हाही चांगलं, उगाच प्रश्नोत्तरं नकोत.

मध्येच कंबोडियात अंगकोर वाट पाहून परत व्हिएतनाममधून घरी यायचा बेत असेल तर एकेरी व्हिसा चालणार नाही. सीमा ओलांडली की तो संपला. तिथं ५० डॉलरवालाच घ्या, कंबोडियाचा व्हिसा वेगळा.

पैसे आंतरराष्ट्रीय कार्डानं भरायचे. बहुतेक कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. पैसे गेले पण पावती आली नाही, असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. नोंदणी क्रमांक, ईमेल आणि जन्मतारीख टाकून स्थिती पाहता येते. म्हणूनच अर्ज एजंटकडून करून घेत असाल तर ईमेल तुमचा टाकायला सांगा आणि नोंदणी क्रमांक मागून घ्या. तो क्रमांक द्यायला कुरकुर करणाऱ्याकडं काम देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मंजुरीला अधिकृत मुदत तीन कामाच्या दिवसांची आहे, पण शनिवार-रविवार आणि तिथल्या सुट्ट्या त्यात धरत नाहीत. तेत म्हणजे तिकडचं नववर्ष जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येतं आणि त्यात कार्यालयं आठवडाभर बंद असतात. ३० एप्रिल-१ मे आणि २ सप्टेंबर याही मोठ्या सुट्ट्या. मे महिन्यात जाणाऱ्यांनी व्हिसाचं काम एप्रिलच्या मध्यालाच उरकावं. एरवी निघण्याआधी तीन-चार आठवडे पुरेसे. व्हिसा आला की त्याच दिवशी पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक रकाना ताडून पाहा. नाव चुकीचं आलं असेल तर नवा अर्ज, नवं शुल्क हाच भरवशाचा मार्ग, आणि त्यासाठी हातात दिवस हवेत. मग दोन छापील प्रती काढा. मोबाइलवर आहे म्हणून छापील प्रत टाळू नका, बॅटरी संपायला अवघड जागाच सापडते. लहान मुलांचे पासपोर्ट स्वतंत्र असतात, त्यामुळं व्हिसाही प्रत्येकाचा वेगळा. मूल आजी-आजोबांबरोबर किंवा एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्या पालकाचं इंग्रजीतलं संमतीपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत जवळ असावी.

कोल्हापूर ते मुंबई हा प्रवासाचा सगळ्यात बेभरवशाचा तुकडा. पुणे-बेंगळुरू महामार्गावर कामं चालू असली की वेळेचा अंदाज कोलमडतो, घाटात एखादा कंटेनर आडवा झाला की तीन-चार तास सहज जातात. पावसाळ्यात तर पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये रस्ता असाच बंद पडला होता. जुलै-ऑगस्टचं तिकीट असेल तर एक रात्र मुंबईत काढायचा खर्च सहलीच्या हिशेबातच धरा. इतर दिवसांत रात्रीचं विमान असेल तर आदल्या रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी मुंबई गाठणं मला सगळ्यात सुरक्षित वाटतं.

तिकिटावरची वेळ नीट वाचा. बारा तारखेला रात्री साडेबाराचं उड्डाण म्हणजे अकरा तारखेच्या रात्री नऊला तुम्ही विमानतळावर असायला हवं, आणि कोल्हापूर अकराच्या पहाटे किंवा दहाच्या रात्रीच सोडायला हवं. 'बाराला निघायचं' असं डोक्यात बसलं की विमान आदल्या रात्री निघून गेलेलं असतं. व्हिएतनामची वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं आहे. रात्री उशिराच्या विमानानं निघालात तर पोचण्याची तारीख बदलते, हॉटेलचं आरक्षण त्या हिशेबानं करा.

स्वस्त म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं जोडणाऱ्यांनी एक विचार करावा. सिंगापूर किंवा क्वालालंपूरला सामान घेऊन पुन्हा जमा करायचं असेल, तर त्या देशात रीतसर प्रवेश करावा लागतो आणि त्याचे नियम वेगळे. शिवाय पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीची काही जबाबदारी नाही.

पैशाचं आता. व्हिएतनामचं चलन डोंग, रुपयाला साधारण ३०० डोंगच्या आसपास. म्हणजे तीन लाख डोंगचं जेवण हे हजारभर रुपयांचं. किमतीतले शेवटचे तीन शून्य झाका आणि उरलेल्या आकड्याला तीननं गुणून थोडे जास्त धरा, रुपये मिळतात. २०,००० आणि ५,००,००० च्या नोटा दोन्ही निळसर असतात, टॅक्सीत अंधारात देताना घोटाळा होतो. मोठ्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. इथून डॉलर घेऊन जाणं सोयीचं. परकीय चलन रोखीत दर प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत मिळतं, पॅन लागतो, आणि ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रकमेचं चलन घ्यायचं तर पैसे चेकनं किंवा खात्यातून द्यावे लागतात. नोटा करकरीत घ्या. शाई लागलेली, घडीवर फाटलेली नोट तिकडं नाकारतात. ५,००० डॉलरहून जास्त रोख नेली तर व्हिएतनामी कस्टमला सांगावं लागतं. परतीच्या टॅक्सीसाठी भारतीय रुपये जवळ ठेवा, २५,००० पर्यंत परवानगी आहे. टूर पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो, तेव्हा पॅन बरोबर दिलाय ना ते पाहा. कार्डानं पैसे देताना यंत्र 'रुपयात की डोंगमध्ये' असं विचारतं. डोंग निवडा, रुपयाचा दर नेहमी महाग पडतो. आणि बँकेचा ओटीपी यायला आपलं सिम रोमिंगवर चालू हवं, डेटासाठी तिकडचं सिम किंवा ई-सिम वेगळं.

बॅग भरताना कोल्हापूरकरांचा जीव चटणी-मसाल्यात अडकतो. कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, लोणचं हे सगळं जमा करायच्या सामानात, घट्ट बंद पुड्यांत. हातातल्या पिशवीत तिखटाची पूड आणि तेलाचं लोणचं अडवतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या न्यायच्याच नाहीत. त्यात तेल इतकं असतं की ते ज्वलनशील समजतात. पॉवर बँक उलट हातातल्या पिशवीतच हवी, १०० वॉट-तासांच्या आतली. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तास होते, ती चालते. स्वस्त विमानांच्या साध्या तिकिटात बऱ्याचदा फक्त सात किलोची हातातली पिशवी असते. जमा करायच्या सामानाचे पैसे तिकीट काढतानाच भरा, काउंटरवर ते खूप महाग पडतं. औषधं सहलीच्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्तीची, मूळ पाकिटात, हातातल्या पिशवीत. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या, कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव असलेली. विम्याच्या अर्जात मधुमेह, रक्तदाब लपवू नका. ऐनवेळी दावा तिथंच फेटाळला जातो.

मावा-गुटख्याच्या पुड्या घरीच राहू द्या. वाटेत सिंगापूरला उतरणार असाल तर तिथं चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे. व्हिएतनामनं २०२५ पासून ई-सिगारेटवर बंदी घातली आहे, वापरायलाही. ड्रोनला तिथल्या संरक्षण खात्याची परवानगी लागते, तोही नेऊ नका. साज-बांगड्या घालून जाणार असाल तर निघताना मुंबईत कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परत येताना ते सोनं तुमचंच होतं हे सिद्ध करावं लागत नाही. खरं तर सोनं लॉकरमध्येच बरं.

दुचाकीबद्दल कळकळीनं सांगतो. उत्तर व्हिएतनाममधल्या 'हा जांग' भागातल्या डोंगरी रस्त्यांचे व्हिडिओ पाहून आपली पोरं तिकडं गाडी भाड्यानं घ्यायच्या तयारीनं निघतात. आरटीओतून मिळणारा आपला आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराचा आहे. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा परवाना मानतं. म्हणजे ५० सीसीपेक्षा मोठी गाडी तुम्ही तिथं विनापरवाना चालवता. भाड्यानं देणारा काही विचारत नाही. पण अपघात झाला की विमा कंपनी परवाना मागते, आणि तिथं हातपाय मोडल्याचा सगळा खर्च घरच्यांच्या अंगावर येतो. त्या रस्त्यावर स्थानिक चालकाच्या मागं बसून जायची सोय आहे. तीच घ्या.

खाण्यापुरते तीन शब्द पाठ करा: 'बो' म्हणजे गोमांस, 'गा' म्हणजे कोंबडी, 'हेओ' किंवा उत्तरेत 'लोन' म्हणजे डुक्कर. फो हा नूडल्सचा प्रकार बहुतेक ठिकाणी 'फो बो' असतो, नको असेल तर 'फो गा' मागा. शाकाहारासाठी 'चाय' हा शब्द, चहाशी त्याचा संबंध नाही. पाटीवर तो लिहिलेला असेल तिथंच शाकाहारी माणसानं बसावं, कारण एरवी भाजीतही माशांचा सॉस असतो. शब्दाचा अर्थ सुरांवर बदलतो, म्हणून हे शब्द व्हिएतनामी लिपीत मोबाइलवर साठवून दाखवलेले बरे.

आणि पासपोर्ट हरवला तर काय करायचं, ते घरातल्या दुसऱ्या कुणालातरी माहीत असू द्या. आधी स्थानिक पोलिसांत तक्रार, त्याची लेखी प्रत. पोलिसांचा नंबर ११३, रुग्णवाहिका ११५. मग हनोईतला भारतीय दूतावास किंवा हो ची मिन्ह सिटीतलं वाणिज्य दूतावास, तिथून आणीबाणीचं प्रवासपत्र मिळतं. एवढ्यावर विमानात बसता येत नाही, व्हिएतनामच्या इमिग्रेशन कार्यालयातून बाहेर पडण्याचा व्हिसाही घ्यावा लागतो. या सगळ्यात काही दिवस जातात. पासपोर्टच्या दोन्ही पानांची आणि व्हिसाची प्रत, दोन फोटो वेगळ्या बॅगेत आणि तेच सगळं ईमेलवर ठेवलेलं असेल तर त्यातले बरेच दिवस वाचतात. हॉटेलात पोलीस नोंदणीसाठी पासपोर्ट मागतात, ती नोंदणी कायद्यानं लागतेच. नोंद झाली की लगेच तो परत मागून घ्या, काउंटरच्या खणात रात्रभर राहू देऊ नका.